इराणी बाईच्या शेगडीतली राख

मी एकदा शेजारणीच्या घरातला विस्तव पाणी ओतून विझवला आणि त्याच्याच राखेनं तिची पितळेची भांडी घासून लख्ख केली. तो विस्तव म्हणजे तिचा धर्म होता, हे मला ठाऊक नव्हतं. भांडी घासून झाल्यावर मी ती ओळीनं पालथी घातली आणि ती नागपूरहून आल्यावर मला काय काय म्हणेल याचा विचार करत ओसरीवर बसले. 'किती गुणाची पोरगी' असं काहीतरी म्हणेल, असा माझा अंदाज होता. तेव्हा मी पस्तिशीची, दोन लेकरांची आई. जगातली निम्मी अक्कल माझ्या वाट्याला आली असून उरलेल्या निम्मीवर बाकीचे लोक कसंबसं भागवतात, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. माझ्या नातींना ही गोष्ट फार आवडते. आजी मूर्ख ठरते ती प्रत्येक गोष्ट त्यांना आवडते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवरा रेल्वेत पॉइंट्समन, म्हणून आम्ही नागभीडला. क्वार्टर मिळेना, तेव्हा स्टेशनरोडवर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. भिंतीला भिंत लागून इराणी बाईचं घर. गावात तिला सगळे इराणी बाईच म्हणत, मी नुसतं बाई म्हणायची. सत्तरी कधीच उलटलेली, अंगानं काटकुळी, नाक असं की आधी नाक दारातून यायचं आणि मग बाई. डोक्याला पांढरं फडकं बांधलेलं. आणि या सगळ्यातून बोली निघायची ती आमच्या झाडीपट्टीची. नवा माणूस दचकायचा. फारसी वळणाच्या तोंडातून 'काऊन बे, कुठी चालला' ऐकल्यावर तिकीट तपासनीससुद्धा एकदा पायरी चुकला होता.

ती इराणातल्या यझ्दजवळच्या एका खेड्यात जन्मलेली. लग्न होऊन इकडे आली. नवऱ्यानं स्टेशनसमोर पाव-टोस्टची भट्टी टाकली होती. भाताच्या हंगामात ब्रह्मपुरीकडे जाणाऱ्या जीपगाड्या तिथं थांबून पिशव्या भरून नानकटाई न्यायच्या. नवरा गेला तेव्हा भट्टी तिनं तिथल्याच जुन्या कारागिराला दिली. तो गावातल्या मुसलमान मोहल्ल्यातला. तिला अम्मा म्हणायचा. मुलगा पुण्यात इंजिनिअर होता. दर दिवाळीला यायचा आणि पुण्याला चल म्हणून मागं लागायचा. ती म्हणायची, "माह्यं इथी एक काम हाय. ते हाय तोवर मी इथी." हे कोणतं काम, याचा मी फार विचार केला होता. कुत्र्याला भाकरी घालणं, डाळिंबाला पाणी घालणं आणि माझ्या घरी येऊन माझ्या भाजीत मीठ जास्त झालंय हे सांगणं, याखेरीज तिचं काही काम मला दिसत नव्हतं.

सुरुवातीला मी तिला पारशी बाई म्हणाले होते. तिनं लगेच दुरुस्त केलं. अरबांनी इराण जिंकल्यावर काही लोक गलबतात बसून गुजरातेत उतरले, ते पारशी. तिचे लोक गेले नाहीत. ते वाळवंटाच्या कडेला तसेच चिकटून राहिले, हजार वर्षांहून जास्त, आणि अगदी अलीकडे, पोट भरायला म्हणून इकडे आले. धर्म एकच, जरथुष्ट्राचा. "ते पहले निंगाले, आम्ही मांगून. आगगाडी आमची लेट होती," असं ती म्हणायची.

त्या लेट झालेल्या हजार वर्षांत काय काय झालं ते ती एकदम कधी सांगत नसे. गहू निवडता निवडता मधेच एखादी गोष्ट खड्यासारखी काढून बाजूला ठेवायची. वेगळा कर भरावा लागे. पुरुषांना रंगीत कापड घालायची मुभा नव्हती, पिवळट, न रंगवलेलं तेवढं चाले. घोड्यावर बसायचं नाही, गाढवावर बसलात तरी समोरून कोणी मोठा आला की उतरायचं. घरांची दारं मुद्दाम बुटकी करत, म्हणजे कोणाला घोड्यासकट आत घुसता येऊ नये. तिच्या नागभीडच्या घरातही मागच्या खोलीचं दार असंच बुटकं होतं. तिनं नवऱ्याकडून हट्टानं तसं करून घेतलेलं. नागभीडात घोड्यावरून कोण घुसणार होतं देव जाणे, पण माझं कपाळ तिथं आठवड्यातून एकदा तरी आपटायचं. बायकांच्या सलवारी रंगीबेरंगी चिंध्यांच्या पट्ट्या जोडून शिवलेल्या असत. अखंड कापड दिसलं की कोणाच्या तरी डोळ्यांत यायचं, असं तिच्या आजीचं म्हणणं. तसली एक सलवार तिच्या पेटीत होती. इतकं बारीक भरतकाम मी जन्मात पाहिलं नाही. चिंध्यांमध्ये चिमण्या, मासे, सरूची झाडं. मी म्हटलं, याला चिंध्या म्हणतात होय, मग आमच्या गोधडीनं जीव द्यावा.

आणि पाऊस. पावसात तिच्या आजीला घराबाहेर पडायची बंदी होती. अंगावरून ओघळलेलं पाणी रस्त्यावर येईल आणि त्यानं दुसरे विटाळतील म्हणून. बाजारात फळाला हात लावायचा नाही, बोटानं दाखवायचं.

हे ऐकलं आणि माझ्या हातातलं सूप थांबलं. कारण ही माझ्याच आजीची गोष्ट होती. माझी आजी वैनगंगेकाठच्या खेड्यातली. दुकानदार तिच्या पदरात वरून मीठ टाकायचा. ती पैसे उंबऱ्यावर ठेवायची, तो त्यावर पाणी शिंपडून उचलायचा. मी ते बाईला सांगितलं. तिनं मूठभर गहू पुढं ओढला. मग म्हणाली, म्हणजे आपल्या आज्या एकाच बाजारात जात होत्या म्हणायच्या.

तेव्हा मला तिच्या दोन खोडींचा उलगडा झाला. गाव तिला त्यांच्यावरून येडी म्हणायचं. धो-धो पाऊस लागला की ही बाई छत्री न घेता बाजारात निघायची, वयाला न शोभेल अशा चालीनं. आणि बाजारात एकूण एक पेरू हातात घेऊन दाबून पाहायची. घ्यायची दोनच. पेरूवाल्या कपाळावर हात मारून घ्यायच्या. त्यानंतर मी तिला पावसात कधी अडवलं नाही. एकदा तर मीही गेले तिच्याबरोबर छत्री घरी ठेवून. तिला काही झालं नाही. मी आठ दिवस तापानं पडले.

तिच्या बोलण्यात मुसलमानांबद्दल कडू शब्द मी ऐकला नाही. करवाले वेगळे आणि शेजारी वेगळे, असा तिचा हिशेब होता. तिच्या आजीच्या घराला लागून एक मुसलमान म्हातारी राहायची. वसुलीची माणसं गल्लीत शिरली की ती मुद्दाम आपल्या कोंबड्यांना मोठमोठ्यानं शिव्या द्यायची. त्या शिव्या ऐकल्या की इकडे लपवायचं ते लपवून व्हायचं. काय लपवायचं, असं मी विचारलं तर बाई म्हणाली, आग. घरातली आग. कुठं लपवायचे, असं विचारलं तर ती गव्हाकडे पाहून म्हणाली, तुझ्या भाजीत आज मीठ कमी होतं.

मी मात्र तेव्हा तिच्याशी वाद घालायची. आमच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर घरातले सगळे देव टोपलीत भरून वैनगंगेत सोडले होते, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. अजूनही आहे. पण तेव्हा त्या अभिमानाला जीभ फार होती. मी तिला म्हटलं की आम्ही सोडून दिलं आणि माणसात आलो, तुम्ही हजार वर्षं धरून बसलात आणि काय मिळवलं, गाढवावरून उतरणं? धर्म बदलला असता तर निदान घोड्यावर बसला असता. बोलून झाल्यावर मी विजयी मुद्रेनं चहा प्याले.

तिनं शांतपणे विचारलं, "तुह्या बापानं देव सोडले, तवा त्याच्यावर कोणी जबरदस्ती केली होती?"

मी म्हटलं, नाही, स्वतःच्या मनानं सोडले.

"मंग आमच्या लोकाईनं बी सोताच्या मनानंच धरून ठेवलं."

मी कप विसळायला उठले. पण त्या दिवसापासून बापाबद्दलचा माझा अभिमान आणि तिच्याबद्दलचं कौतुक एका फळीवर मांडायला मला अडचण वाटेनाशी झाली.

तिचे रिवाज मी चोरून पाहायची. अंगातल्या पातळ सदऱ्यावर कमरेला लोकरीची दोरी असायची. ती सोडून, उजेडाकडे तोंड करून, पुटपुटत ती पुन्हा बांधायची, तीन वेढे. चांगला विचार, चांगलं बोलणं, चांगलं करणं, असे ते तीन. सदऱ्याला गळ्यापाशी बोटभर खिसा होता. त्यात काय ठेवता, चिल्लर? ती म्हणाली, दिवसभरात जे चांगलं केलं असेल ते. मी म्हटलं, फार लहान आहे. ती म्हणाली, तरी रोज रिकामाच राह्यते. जेवणाआधी पहिला घास दारातल्या तांबड्या कुत्र्याचा. आणि दिवा ती तोंडानं कधी फुंकायची नाही. एकदा वीज आली म्हणून मी तिच्यादेखत फूक मारून मेणबत्ती विझवली, तर चिमटा काढल्यासारखा तिचा चेहरा झाला. मी मनात म्हटलं, म्हातारी मेणबत्तीसुद्धा वाया घालवत नाही.

तर तो दिवस. नवऱ्याच्या वर्षाच्या प्रार्थनेसाठी ती नागपूरला, त्यांच्या अग्यारीत निघाली होती. छोट्या लाइनची गाडी, जाऊन यायला दोन दिवस. डोळे तिचे तेव्हा बरेच अधू झाले होते. किल्ली माझ्या हातात देऊन सांगितलं की कुत्र्याचा घास चुकवू नको आणि डाळिंबाला पाणी घाल. मागच्या खोलीबद्दल अवाक्षर काढलं नाही. आग कुठं आहे ते सांगायचं नाही, ही सवय तिच्या घराण्यात इतकी मुरलेली की नागभीडमध्ये, माझ्यासारख्या रोजच्या माणसालाही सांगायचं तिच्या मनात आलं नाही.

आणि मला मनात आलं की आता हिचं घर झाडून काढू. आमच्या घरात स्वच्छतेची एक जिद्दच होती. आमच्या उंबऱ्याकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून माझी आई दिवसातून दोनदा अंगण सारवायची. ती जिद्द मी शेजाऱ्यांच्या घरातही घेऊन जायची, कोणी बोलावलेलं नसताना.

बुटक्या दाराला कपाळ आपटून मी मागच्या खोलीत गेले. धानाच्या ढोलीमागं, बाहेरून दिसणार नाही अशी, मातीची रुंद शेगडी. काठोकाठ राख. मी चुकचुकले. बिचारीला राख काढणंही होत नाही. घमेलं आणलं, दोन्ही हातांनी भरू लागले. किती मऊ राख, पिठासारखी चाळलेली. अर्ध्यावर आल्यावर बोटांना धग लागली, आणि तळाशी बाभळीचा जाड ओंडका, आतून लालबुंद. मी घाबरले. विस्तव तसाच ठेवून म्हातारी गावाला गेली, घर पेटलं असतं म्हणजे? तांब्याभर पाणी ओतलं. खोलीभर वाफ झाली. धाप टाकत मी स्वतःची पाठ थोपटली. शेगडी पुसून सारवून काढली. राख फुकट कशाला घालवायची, म्हणून भांडी घासायला घेतली.

दिवस कलायला आला तेव्हा भट्टीवाला आला. कुत्र्यासाठी पाव आणि खांद्यावर बाभळीच्या फाट्यांची मोळी. तो नेहमीच्या पायानं मागं गेला. मी मागून अभिमानानं. त्यानं सारवलेली शेगडी पाहिली आणि तो मोळीसकट खाली बसला.

"भाभी, आपको मालूम है ये क्या था?"

मग त्यानं सांगितलं. बाईच्या नवऱ्यानं भट्टी पहिल्यांदा पेटवली तेव्हा प्रार्थना करून पेटवली होती. तो गेल्यावर बाईनं भट्टीतला निखारा घरी आणला आणि तेव्हापासून तो विझू दिला नव्हता. सकाळ-संध्याकाळ लाकूड, वरून राखेचं पांघरूण. तिच्या गावी असंच करत. कोणी घरात घुसलं तरी त्याला कोपऱ्यात राखेचा ढीग दिसावा. "ये बुझ गई तो अम्मा पूना चली जाएगी," तो म्हणाला. "बेटे को ज़बान दी है."

म्हणजे हेच ते काम. ओसरीवर तिची भांडी चकाकत होती आणि मला त्यांच्याकडे बघवेना. मी तिला विचारलं होतं, धरून काय मिळवलं. आता तिनं जे धरलं होतं ते मी माझ्या नारळाच्या काथ्यानं घासून मोरीत सोडलं होतं.

मग मी विचारलं की भट्टीतली आग कोणती. तो माझ्याकडे असा पाहू लागला जणू मी खुळी आहे, जी मी होतेच. भट्टी देताना बाईनं एकच अट घातली होती, की भट्टी काडी ओढून पेटवायची नाही, कालच्या निखाऱ्यावरच आजची पेटवायची. त्यानं ती पाळली होती. ईदेला भट्टी बंद असायची, पण नमाज पढून आला की नवे कपडे सांभाळत तो एक ओंडका आत सरकवून यायचा. बायको हसायची त्याला.

मी चिमटा आणि झाकण घेऊन रस्ता ओलांडला. परत येताना तो पुढं माणसं बाजूला करत, मी मागं निखारा धरून, आणि माझ्यामागं तांबडं कुत्रं. स्टेशनवरच्या लोकांना वाटलं असेल की माझ्या घरी काडेपेटी संपली. ओल्या शेगडीत निखारा दोनदा काळवंडला. फुंकायचं नव्हतं, तोंडाच्या वाफेनं आग विटाळते, हे तोवर मला भट्टीवाल्याकडून कळलं होतं, म्हणून मी सुपानं वारा घालत बसले. तिसऱ्यांदा धरला, तेव्हा उरलेली थोडीशी राख वर पसरली.

मग मी माझी उरलेली अक्कल वापरली. म्हटलं, बाईला काही सांगायचंच नाही. तिला दिसत तरी कुठं नीट. भट्टीवाला म्हणाला की अम्मासमोर खोटं चालत नाही, त्यांच्यात खोट्यासारखं पाप नाही. मी म्हटलं, पाप मी घेते, तू फक्त गप्प बस. गप्प बसणं त्याला जमण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. पाय धुतले, हात धुतले, घासलेल्या भांड्यांवरून बोटं फिरवली. मागं गेली, डोकं लीलया वाकवून. मी मागून, कपाळ आपटून. भट्टीवालाही येऊन उभा राहिला. ती शेगडीपुढं बसली. डोळ्यांना काय दिसत होतं कोण जाणे. तिनं तळहात शेगडीवर धरला, हळूहळू खाली नेला. मग दोन बोटांनी राख चाचपली, आणि बोटं लगेच विस्तवाशी थांबली.

"इतली पतली? राख कुठी गेली?"

मी रात्रभर पाठ केलेलं खोटं तिथंच गळून पडलं. एका दमात सगळं सांगितलं. पाणी, सारवण, भांडी, सगळं. पाण्याचं ऐकताना तिनं डोळे मिटले. भांड्यांचं ऐकताना उघडले. मी म्हटलं की बाई, पुण्याला जाऊ नका.

तिनं भट्टीवाल्याला विचारलं, तुझ्याकडचा? त्यानं मान हलवली. काडी? त्यानं दोन्ही कानांना हात लावले. ती पुन्हा तळहात शेकत बसली. मला वाटलं, आता हा विस्तव तिचा की नाही याचा ती निवाडा करतेय, आणि त्या निवाड्यात माझं शेजारपणही आहे.

आणि मग ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग डोक्यावरचं फडकं सुटेपर्यंत. तिच्या आजीच्या घरात वसुलीचा शिपाई अशाच राखेच्या ढिगाला काठी टोचून निघून गेला होता, असं ती हसता हसता म्हणाली. त्यानं निदान हात तरी काळे केले नव्हते. भट्टीतली ती माय आणि ही तिची लेक, लेक गेली तर मायनं दुसरी पाठवली, त्यात पुण्याला जाण्यासारखं काय झालं, असं तिनं भट्टीवाल्याला विचारलं. तो डोळे पुसत होता. मी विचारलं की मी तुमच्या धर्माची नाही, तुमच्या आगीला हात लावला, त्याचं काय. ती म्हणाली की नागपूरच्या धर्मगुरूला विचारलं तर तो नाहीच म्हणेल, म्हणून त्याला विचारायचंच नाही.

मग तिनं फडकं पुन्हा बांधलं, मोळीतलं एक लाकूड चाचपून काढलं, ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाली:

"आता तुले मालूमच झालं हाय, तं उद्यापासून सकाळचं लाकूड तूच टाकत जा, माह्या डोयाले निखारा दिसत नाई. तोंडानं फुकू नको, पाणी दाखवू नको, आन् भांडे घासाले राख पायजे असन तं मागून नेत जा, पोट्टे."